रिकामा आलेला डबा

प्रिय सुशांत,

पार्सल उघडल्यावर आधी डबा कानाशी नेऊन हलवशील, मला माहीत आहे. लहानपणापासूनची खोड. तर नको हलवूस. आत या कागदांशिवाय काहीही नाही. करंज्या नाहीत, सुक्या जवळ्याची चटणी नाही, तुझ्या मुलांसाठी केक नाही. झाकणावर 'आशालता' असं कोरलेलं आहे, बाजूला पोचा आहे, तो तूच पाडलेला, विहिरीच्या कट्ट्यावरून. आईचा डबा ओळखलास ना? हा गेल्या मंगळवारी माझ्याकडे रिकामा परत आला, म्हणून तुझ्याकडे रिकामाच पाठवतेय.

फोनवर का नाही सांगितलं म्हणशील. चार वेळा केला होता फोन. दर वेळी 'जय ख्रिस्त, ताई, मंडळीत आहे, नंतर करतो' आणि नंतर म्हणजे कधीच नाही. मेसेज केला तर जोडलेले हात आणि एक कबूतर. त्या कबुतराला काय उत्तर द्यायचं? म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच 'नंतर करतो' म्हणता येत नाही. आणि आधीच सांगते, रागानं लिहितेय. शांत झाल्यावर लिहीन म्हणून आठ दिवस थांबले. नाही झाले शांत. उलट रोज लॅबमध्ये लोकांचं रक्त काढताना माझंच उकळत होतं.

डबा कमळाकाकूकडून आला. कमळाकाकू कोण, हे मी तुला सांगणार आहे, हसू नकोस. कारण पुण्याच्या तुझ्या मंडळीच्या त्या हॉलमध्ये, जिथे तू दर रविवारी प्रवचन देतोस, आई गेल्याच्या वर्षाच्या उपासनेला, तीनशे माणसांसमोर आणि कॅमेऱ्यासमोर तू तिला 'आमच्या शेजारची एक बाई' म्हणालास. एक बाई! तेव्हा तुला तिची ओळख करून देणं भागच आहे.

कमळाकाकू म्हणजे जिच्या ओटीवर तू धडपडत धावायला शिकलास ती. बाबा गेले आणि आईला पनवेलजवळच्या कोनच्या उपकेंद्रात नर्स म्हणून पाठवलं तेव्हा तू तीन वर्षांचा होतास, मी दहाची. गावात एक ख्रिस्ती घर नव्हतं. कोणी खोली देईना. काशीरामकाकांनी दिली, तीही काकूनं हट्ट धरला म्हणून. भिंत एकच, अलीकडे आपण, पलीकडे ते. पहिली दोन वर्षं काकांनी आपल्याकडचं पाणी घेतलं नाही, हेही खरंय, मी काही गोडगोड रंगवत नाही. पण त्याच दोन वर्षांत आई ड्यूटीवर गेली की तुला कोण जेवू घालायचं? स्वतःच्या परेशच्या ताटात, परेशच्या शेजारी बसवून? तू तिला 'काकू' सुद्धा म्हणत नव्हतास, 'आय' म्हणायचास, आणि आपली आई त्यावर खूश असायची. विसरलास?

मग काकांच्या पायाला जखम झाली. साखरेची. भरेना. आई रोज ड्यूटीवरून आली की साडीही न बदलता त्यांच्या ओटीवर जायची, खाली जमिनीवर बसायची, त्यांचा पाय मांडीवर घ्यायची आणि धुवायची. आठ महिने. काका पाय ओढून घ्यायचे, 'बाय, पायाला हात नको लावूस गो, मना पाप लागंल' म्हणायचे. आई म्हणायची, भाऊ, पाप माझ्याकडे द्या, पाय हलवू नका. बस्स, एवढंच. ना कुठलं वचन ऐकवलं, ना पत्रक हातात दिलं. एकदा पनवेलच्या चर्चमधल्या बायकांनी तिला विचारलं होतं, आशाबाई, तुम्ही त्या गावात प्रभूची साक्ष देता की नाही? आई म्हणाली, मी ड्रेसिंग करते. त्या बायका हसल्या होत्या. मला तेव्हा आईची लाज वाटली होती, खरं सांगते. आपली आई चारचौघींत बोलू शकत नाही असं वाटलं होतं.

पाय बरा झाला त्या रविवारी आई चर्चमधून आली, पुलाव केला आणि या डब्यात भरून पलीकडे दिला. काकांनी पहिल्यांदा आपल्या घरचं खाल्लं. डबा संध्याकाळच्या आत परत आला आणि त्यात मीठ होतं. जाडं, खडे-मीठ, काकांच्या मिठागरातलं. घरात दुसरं काही नव्हतं म्हणून. आई मोकळा डबा घ्यायला मला पाठवायची तेव्हा काकू म्हणायची, 'थांब गो, रिकामा डबा नाय न्यायचा पोरी.' कधी वालाच्या शेंगा, कधी दोन लिंबं, कधी जवळा, काही नाहीच तर मूठभर मीठ. पस्तीस वर्षं, दर रविवारी. मिठागर गेलं, तिथे गोडाऊन आलं, परेशचे डंपर आले, चिऱ्याच्या घराचा बंगला झाला, मधली भिंत तेवढी राहिली, तरी डबा काही रिकामा आला नाही. काशीरामकाका वारले त्या आठवड्यातही सुतकात तिनं डब्यात काय घालायचं म्हणून सुनेला, मनीषाला, अंगणातली दोन जास्वंदीची फुलं टाकायला सांगितली होती.

आई गेल्यावर मी तो डबा चालू ठेवला. पुलाव मला आईसारखा जमत नाही, मीठ तर कधीच जमत नाही. काकू भिंतीवरून ओरडून सांगायची, आईला सांगायची तस्संच, 'रंजी, आज मीठ कुठं ठेवलंस?' सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. मी चिडायची. वर्षभर चिडले.

आणि मंगळवारी डबा रिकामा आला. धुतलेला, पुसलेला, कोरडा. मनीषा कट्ट्यावर ठेवून गेली, हाकही न मारता. तुला पुण्यात बसून हे समजतंय का, की माझ्या पायाखालची जमीन का सरकली? भांडण करायचं असतं ना, तर काकूनं भांडण केलं असतं. तिच्या तोंडाला कोण लागणार? पण तिनं पुसून कोरडा डबा पाठवला. म्हणजे संपलं, आता देणं नको, घेणं नको. आणि परेशच्या मोनालीचं लग्न सत्तावीस तारखेला. त्या घरात पहिली पत्रिका गावदेवीला आणि दुसरी आपल्याला, हा काकांनी घातलेला पायंडा. मोनालीला या जगात आईच्या हातांनी घेतलं. मांडव पडलाय, माझ्या खिडकीतून दिसतो. पत्रिका नाही.

आता तू काय बोललास ते तुलाच ऐकवते, कारण स्टेजवरून उतरल्यावर तुला आठवत नसेल. तू म्हणालास, 'माझी आई रोज त्या अंधाऱ्या घरावर हात ठेवायची. डब्यातून तिनं सुवार्ता पाठवली. ते घर एक दिवस प्रभूचं होईल म्हणून तिनं पस्तीस वर्षं वाट पाहिली.' अंधारं घर! अरे, त्या घरात दिवा होता म्हणून तू अभ्यास केलास. आपल्याकडे लाइट कापले होते तेव्हा खिडकीतून वायर कोणी दिली होती? आणि डब्यावर हात ठेवण्याचं तू काय केलंस!

आई डबा देण्याआधी झाकणावर पंजा टेकवायची आणि डोळे मिटायची. एक श्वास होईल इतकाच वेळ. काकूनं एकदा विचारलं, काय करतेस? आई लाजली आणि म्हणाली, काही नाही गं, गरम आहे का बघते. तेव्हापासून काकूला पण सवय लागली. ती पण झाकणावर पंजा टेकवून मगच डबा माझ्या हातात द्यायची. तिला वाटायचं, गरम आहे का बघायची ही आशाची पद्धत. एवढीशी गोष्ट, दोन बायकांच्या हातांमधली. ती तू घेतलीस, माइकसमोर नेलीस आणि तिचा सापळा केलास.

आणि शेवटचे पाच महिने. त्याच्यावर तर तुला बोलायचा हक्कच नव्हता, कारण तू तीनदा आलास, तिन्ही वेळा जेवून परत. आईची उजवी बाजू गेली होती, शब्द सापडत नव्हते. मी सकाळी लॅबला निघायची आणि नऊ वाजता काकू यायची ती तीनपर्यंत. सत्तरी ओलांडलेली बाई, स्वतःचे गुडघे धरून, आईला पेज भरवायची, कूस बदलायची, तोंड पुसायची. आईची प्रार्थनेची वेळ झाली की ती सुरुवात करायची आणि तिसऱ्या-चौथ्या शब्दावर अडायची. मग घाबरीघुबरी व्हायची, रडायची. एकदा मी सुट्टीवर होते तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. आई अडली, आणि काकूनं डोक्यावर पदर घेतला आणि पुढचा शब्द दिला. मग त्याच्या पुढचा. शेवटपर्यंत. पस्तीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकून तिला सगळी पाठ झाली होती. शेवटी 'आमीन' म्हणाली आणि आईला म्हणाली, 'झाली हां तुजी प्रार्थना, आता नीज.' आई झोपली. मग काकू उठली आणि घरी जाऊन तुळशीला पाणी घातलं, रोजच्यासारखं.

हे मी तुला रडत रडत फोनवर सांगितलं होतं, भाऊ म्हणून. तू त्याचं काय केलंस? 'प्रभूनं त्या बाईच्या मुखात प्रार्थना घातली, आईच्या कष्टांचं पहिलं फळ!' सुशांत, तिच्या मुखात कोणी काही घातलं नव्हतं. तिची मैत्रीण घाबरली होती आणि तिला झोप यायला हवी होती, म्हणून ती म्हणाली. माझा देवावर विश्वास आहे, तुझ्याइतकाच आहे, रविवार चुकवत नाही. पण मला विचारशील ना, तर त्या दिवशी आपल्या घरात प्रभूसारखं जर कोणी वागलं असेल तर ती काकू वागली. तिला फळ म्हणतोस? मोजायला बसला होतास?

थांब. इथे मला माझंही सांगायचंय, नाहीतर सगळा राग तुझ्यावर काढून मी साळसूद ठरेन. तू बोलत होतास तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. लोक 'आमेन' म्हणाले तेव्हा मीही म्हणाले. रडले सुद्धा. काय बोलतो माझा भाऊ, म्हणून छाती भरून आली. आणि घरी येताना बसमध्येच तुझा तो व्हिडिओ मी माझ्या स्टेटसला ठेवला, खाली 'माझी आई' असं लिहून. परेशच्या फोनमध्ये माझा नंबर आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यानं पाहिला. त्यानं काकूला शेजारी बसवून दाखवला. सोमवारी संध्याकाळी. म्हणजे बोललास तू आणि तिच्या कानापर्यंत नेलं मी. त्या दिवसापासून मला आरशात बघवत नाही.

बुधवारी मी गेले पलीकडे. चप्पल काढायच्या आधीच परेश बाहेर आला. लहानपणापासून तुझ्या खांद्यावर हात टाकणारा परेश, मला 'रंजिताताई' न म्हणता 'मॅडम' म्हणाला. म्हणाला, 'आमचं घर अंधाराचं, तुमी कशाला येता?' मग आतून काकूनं हाक मारली. ती पाट घेऊन हळदीच्या पुड्या बांधत बसली होती. मला बस म्हणाली नाही. मी उभीच राहिले, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या घरात उभी. मला वाटलं होतं शिव्या देईल. खरंच, शिव्या दिल्या असत्या तर पाया पडून, गळ्यात पडून मोकळी झाले असते. पण ती खूप हळू बोलली. म्हणाली, 'तुजी आय डब्यावर हात ठेवून काय म्हनायची गो? आमाला बाटवायचं म्हनत होती का? मी तिला पेज भरवत होते, तवा पन तिच्या मनात तेच होतं का?'

सुशांत, ही बाई आता रोज बसून मागे जातेय. प्रत्येक रविवार काढून बघतेय. काकांचा पाय, मोनालीचा जन्म, तो पुलाव, सगळं उलटंपालटं करून शोधतेय की यात आपल्याला कुठे फसवलं. मेलेल्या मैत्रिणीशी भांडता येत नाही, तिला विचारता येत नाही. तिची अख्खी मैत्री तू एका भाषणात संशयित करून टाकलीस. मी म्हटलं, नाही काकू, तसं काही नव्हतं, मला माहीत आहे ती काय म्हणायची. मी सांगायला तोंड उघडलं तर तिनं हात वर केला. म्हणाली, 'तू पोर तिची. तू गोडच बोलशील. जो माइकवर बोलला त्याला इचार. त्याला माहीत असंल म्हनूनच बोलला ना?'

आणि तिथेच माझं डोकं फिरलं, कारण तुला माहीत होतंच. दहावीचा निकाल लागला त्या रविवारी तू स्वयंपाकघरात ओट्यावर बसला होतास, मी कांदे चिरत होते. आईनं झाकणावर पंजा टेकवला आणि तू विचारलंस, आई, दर वेळी काय म्हणतेस गं? ती म्हणाली, 'काय म्हणणार? देवा, आज तरी मीठ बरोबर पडू दे, नाहीतर कमळ भिंतीवरून ओरडेल. आणि भाऊंच्या पायाला जप.' तू इतका हसलास की चहा सांडलास, आणि ती तुला झाऱ्यानं मारायला धावली. आठवलं? मनातल्या मनात ती आणखी काही म्हणत असेल तर ते तिचं आणि देवाचं. आपल्या दोघांना तिनं सांगितलं ते हे. तू ते विसरला नाहीस, सुशांत. तुझ्या स्टेजला ते लहान पडलं, म्हणून तू ते बदललंस. म्हणून हे पत्र. व्हिडिओ काढून टाक, पण तेवढ्यानं माझ्या दाराशी येऊ नकोस. सत्तावीसच्या आधीच्या शनिवारी ये. मंडळीला सांग, या रविवारी दुसरं कोणी बोलेल. बायको-मुलं नकोत, फोन बाहेर काढायचा नाही, ओटीवर बसून प्रार्थना सुरू करायची नाही. जमिनीवर बसायचं, आई बसायची तिथे, आणि काकूला तुझ्याच तोंडानं सांगायचं की आई मीठ मागायची आणि मी खोटं बोललो. ती 'नीघ' म्हणाली तर निघायचं आणि दुसऱ्या शनिवारी परत यायचं. आणि हा डबा रिकामा आणायचा नाही. पुलाव कर. तुझ्या हातानं कर, बायकोकडून नाही. बिघडला तर बिघडू दे, मीठ कमी पडलं तर पडू दे. काकू त्या बुधवारपासून माझ्याशी एक शब्द बोलत नाही, पण समोर अळणी पुलाव आला तर ती गप्प बसणारी बाई नाही. तिनं एकदा भिंतीवरून ओरडावं, एवढंच हवंय मला.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, पण तुझीच,
ताई

कोन, पनवेल